दोनशे अठ्ठावीस दारं

बाबा सुतार. खाजनाच्या मानशीची दारं करतात.
माट्टीचं लाकूड, लाकडाच्याच खुंट्या,
खाऱ्या पाण्यापुढे लोखंडाचं काही चालत नाही.
एका दाराचे अठरा हजार.
पंचायत कधी देते, कधी पुढच्या वर्षी देते.

म्हणून पहिलं पत्र आलं, धुक्याच्या देशातलं,
शिक्क्यावर सिंह, सिंहाखाली लॅटिन,
तेव्हा त्यांनी त्यातला फक्त आकडा वाचला
आणि फळीवर पेन्सिलीने भागाकार मांडला.
एक्केचाळीस लाख. भागिले अठरा हजार.
दोनशे अठ्ठावीस दारं.
"अख्ख्या चोडणात एवढ्या मानशी नाहीत गो."
तक्रार नव्हती ती. माप होतं.

दुसरं पत्र म्हणजे दोन ओळींची मेल:
आपली निवड झाली आहे, मूळ गुणपत्रिका सोबत आणावी.
खाली कार्यालय अधीक्षक. नावसुद्धा नाही.
सात दारं.
"पावसाआधी होतील," म्हणाले, आणि रंधा उचलला.

फेरीबोटीत बातमी माझ्याआधी पोचली.
फार्मसीवाले कुंकळकर म्हणाले,
"कर्ज फिटतं. नाव जन्मभर लागतं."
स्विंडनहून योगानंदचा आवाज आला, रात्रपाळीतून,
"ये तू. एकदा आत आलं की झालं,"
आणि मागे ट्रॉल्यांचा खडखडाट,
झालं म्हणजे काय, ते त्या खडखडाटात राहिलं.

बँकेतल्या बाईंनी घराचे कागद मागितले.
आम्ही मुंडकार. कागद मामलेदाराकडे,
आजोबांपासून फक्त पुढची तारीख आमची.
"मग सोनं?"
"आहे की," आई म्हणाली.
म्हणजे नव्हतं.

मला हवं होतं ते. खोटं कशाला बोलू?
ते नाव मी न्हाणीत मोठ्याने म्हणून पाहिलं होतं,
माझ्या नावापुढे स्वल्पविराम, मग ते.
तिथल्या तळघरात म्हणे काचेच्या बरणीत
मांडवीतल्या तिसऱ्या आहेत, शंभर वर्षांपूर्वी कुणी नेलेल्या.
मी शिकायला निघाले होते तिसऱ्यांचा श्वास,
त्यांच्या पोटात गाळाबरोबर काय काय जातं ते,
आणि त्या माझ्याआधीच जाऊन बसल्या होत्या.

दुसरीकडच्या मॅडमनी फोन केला, स्वतः.
शिकवण्याबद्दल अवाक्षर नाही.
"पोहता येतं? बरं. गमबूट घेऊन ये,
आमच्याकडे सहा नंबरचे नाहीत.
आणि हो, ओहोटी पहाटे असते, झोपेचं बघ."

त्यांची मध्यरात्र म्हणजे आमचे साडेचार.
त्याआधी होकार कळवायचा होता.
मी बाबांबरोबर मानशीवर गेले, बॅटरी धरायला.
भरती येत होती. दार आधी थरथरलं,
मग पाण्यानेच ते लावून घेतलं, धप्प.
मला वाटलं, यातून काहीतरी अर्थ निघेल.
नाही निघाला.
बाबांनी फटीत बोट घालून गळती पाहिली,
एक खेकडा तिरका पळाला,
मोबाईलवर चार एकतीस झाले.

शहाणपण म्हणू नका. त्याग तर मुळीच नको.
हिशेब होता, थोडी भीती होती,
आणि ते गमबूट.
अजूनही सिंहाचं पत्र मी फेकलेलं नाही,
आईच्या रेशनकार्डाच्या पिशवीत आहे,
कधीकधी रेशनकार्ड शोधायला मीच जाते.

परवा फेरीत कुंकळकर. "मग, काय ठरलं?"
मी नाव सांगितलं.
"कुठे आलं ते?"
इंजिनाच्या वर आवाज काढून सांगू लागले:
कारवारला उतरायचं. तिथून दुसरी बस,
तिसऱ्या पुलानंतर चुन्याची जुनी भट्टी,
भट्टीमागे खाडी, खाडीला लागून लाल इमारत,
बोर्डावरची दोन अक्षरं पडलीत, तरी वाचता येतं…
रायबंदरचा धक्का लागला, लोक उतरले,
कुंकळकर स्कूटर सुरू करून थांबले होते,
आणि माझं सांगणं अजून भट्टीपाशीच होतं.